खिडकीच्या दुप्पट

आमच्या गल्लीत पडदे ओढत नाहीत.
असतात, काचेच्या कडेला, शोभेपुरते.
येरसेकेत रात्री चालत गेलात तर
कुणाचं दिव्याखालचं सूप, कुणाचा पत्त्यांचा डाव,
कुणाचं बिनआवाजी भांडण
सगळं रस्त्यावरून दिसतं.
मूठ झाकली की लोक विचारतात, मुठीत काय.

मार्चमध्ये लेन्डर्टचा पलंग पुढच्या खोलीत आणला.
जिना झेपेना त्याला.
तेव्हापासून येणारे-जाणारे मान वळवतात,
आणि ते वळवणं
आम्हाला आतून दिसतं.

खूसच्या बाजारातून कापड आणलं,
कालवाच्या शिंपल्याला आतून असतो तो रंग.
दुकानातली पोर म्हणाली, खिडकी केवढी?
एक मीटर ऐंशी.
मग तीन साठ घ्या, चुण्यांना दुप्पट लागतं.
म्हणजे अर्धं कापड नुसतं दुमडायला!
माझ्या आईने हे ऐकलं असतं तर
मोजलेले पैसे परत पर्समध्ये टाकले असते.
मी चार मीटर घेतलं. हातचं राखून.

सासूचं मशीन, हाताने फिरवायचं,
जेवणाच्या टेबलावर.
वरच्या काठाला लांब लांब टाके,
टोकांना गाठ नाही.
मग खालचा दोरा हळूहळू ओढत जायचं
की कापड गोळा होतं,
ओहोटीनंतर वाळू होते तसं, वळ्यावळ्यांचं.

दोन हात ओढलं आणि दोरा तुटला.
सगळं सपाट.
पुन्हा टाके, पुन्हा तुटला.
मी एक शब्द बोलले, तो इथे लिहीत नाही.

पलंगावरून आवाज आला.
दिवसभरातलं त्याचं पहिलं वाक्य:
"एका दोरावर बोट बांधतं का कुणी, याकोमिना?"

मग दोन ओळी घातल्या, बोटभर अंतराने,
आणि टोकं त्याच्या हातात दिली.
त्याची बोटं हल्ली बटणाला घाबरतात,
कप धरला की बशी वाजते.
ओढायचं म्हटल्यावर मात्र त्यांना काहीतरी आठवलं.
"सैल सोड," तो म्हणाला. "आता धर. धर म्हटलं ना!"
चाळीस वर्षं शिणाण्यांच्या बोटीवर
हे त्याने ड्रीसला सांगितलं,
मग ड्रीसच्या मुलाला.
मी तेव्हा धक्क्यावर असायचे, डबा घेऊन.

चार मीटरचं एक ऐंशी झालं
तोवर अंधार पडला. दिवा लावला,
आणि अख्ख्या गल्लीने पाहिलं असणार,
एक म्हातारा, एक म्हातारी,
आणि मध्ये हे एवढं कापड.

समोरच्या तानेकेने पाहिलंच.
सुतावरून स्वर्ग गाठणारी बाई.
सकाळी विचारते कशी, "लग्न निघालं का कुणाचं?"

चुण्या सारख्या आल्या नाहीत.
त्याच्या बाजूला दाट, माझ्या बाजूला विरळ.
उसवावं असं मनात आलं,
सुई हातात घेतली होती.
मग वरून पट्टी शिवून टाकली, तशीच.

शनिवारी टांगला. खाली दोन बोटं कमी पडला.
रुंदीला हातचं राखलं, उंचीला विसरले.

पहिल्या रात्री ओढला
तेव्हा खोली एकदम आमच्यापुरती झाली.
त्याचा सदरा बदलला, ओल्या फडक्याने पाठ पुसली.
घाई केली नाही.

पहाटे चारला, भरतीच्या वेळी, जागा झाला.
"सरकव जरा."
सरकवला. बाहेर काही नव्हतं:
रस्ता, तानेकेची सायकल, धुकं.
"बरं," तो म्हणाला. "ओढ परत."

ओढला. आणि खालच्या दोन बोटांच्या फटीत
तानेकेचं मांजर,
काचेला नाक लावून आत बघत होतं,
रीतसर,
आमच्या गल्लीतलं असल्यासारखं.